कातळावरून कुंडीत

मित्रांनो, मी एक जुनं झुडूप आहे. उंची जेमतेम कमरेएवढी, पानं खरखरीत, फुलं जांभळट पांढरी आणि तीही पाच वर्षांतून एकदाच. ज्या कातळउतारावर मी रुजलो तिथे मातीचा थर वीतभरही नव्हता. पण आम्ही सत्तर-ऐंशी जण होतो. सगळे एकदमच फुलायचो, आणि एक बारीकशी काळी माशी आमचे पराग एकाकडून दुसऱ्याकडे न्यायची. एवढ्यावर आमचं कुळ चाललं होतं.

मग तिथे दगडाची खाण आली. खडी फोडणाऱ्या यंत्राची धूळ पानांवर बसली ती बसलीच. माशी दिसेनाशी झाली. भाऊबंद एकेक करून ढिगाऱ्याखाली गेले. कुणी हळहळलं नाही. आमचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं.

खाणीतला सुरुंगवाला माझ्या शेजारी बसून डबा खायचा. त्या वर्षी मी एकटाच फुललो, तेव्हा त्याने एक डहाळी घरी नेली. त्याची थोरली बहीण मोठ्या बागेत माळीणकाम करायची. दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत उतार चढून आली.

"अरे, बागेतल्या जुन्या वहीत याचं चित्र आहे. संपलं म्हणून लिहिलंय! बाकीची कुठं आहेत?"

त्याने मान खाली घातली. "माझ्याच हातानं उडाली, ताई. मला काय माहीत?"

"आणि हे?"

"उद्या सकाळी इथंच सुरुंग लावायचाय."

ताई मुकादमाला जाऊन भेटली. "झुडपापायी काम थांबवू? डोकं फिरलंय का बाई?" एवढंच तो म्हणाला.

मग भावंडांनी संध्याकाळपर्यंत पहारीने कातळ फोडला. माझी मुळं भेगांत खोल गेली होती. निम्मी तुटली. उरलेला मी ओल्या गोणपाटात गुंडाळून बागेत आलो.

आता मी काचेच्या घरात, कुंडीत असतो. समोर नावाची पाटी आहे. ताईने माझ्या फांद्या लावून पाहिल्या, एकही जगली नाही. यंदा मी पुन्हा फुललो, तेव्हा ती मऊ कुंचल्याने माझेच पराग मला लावत बसली. सुरुंगाचं काम केव्हाच सोडलेला तिचा भाऊ परवा मुद्दाम आला.

"बी धरलं का गं?"

"नाही रे. याला दुसरं झाड लागतं."

त्याने पाटीवरचं माझं नाव बोट फिरवत वाचलं. मग तो निघून गेला.

मित्रांनो, माळावर, उतारावर काही अनोळखी फुललेलं दिसलं, तर त्याचं नाव विचारा. ते तिथे असतानाच विचारा. तोवर त्याचे सोबती जवळ असतात. माझे आता नाहीत.