दुमडलेली चिठ्ठी

मित्रांनो, मला झेरॉक्सचं मशीन म्हणालात तर मला राग येतो हं! मी स्कॅनर आहे, वय वर्षं चौदा. आमच्यात हे म्हातारपणच. बेंगळुरूतल्या एका न्यायालयाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! कायद्याचं जाडजूड पुस्तक माझ्या काचेवर पालथं घालायचं, मी पान टिपायचं, की ते लगेच कॉम्प्युटरवर हजर. वकील दूर होसकोटे गावात बसून ते वाचायचे. सगळे माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचो. पुस्तकांकडे मात्र कोणी बघेना. शेवटी ती पोत्यांत भरून तळघरात गेली. रद्दीवाला शुक्रवारी येणार होता.

ही पुस्तकं इथले बाइंडर खंडोजीअण्णा यांनी बत्तीस वर्षं सांभाळली होती. एखादा नियम बदलला की दुरुस्तीची छापील चिठ्ठी यायची. अण्णा ती जुन्या ओळीवर एकाच कडेने खळ लावून चिकटवायचे. चिठ्ठी उचलली की खालचा जुना नियमही वाचता यायचा.

गुरुवारी सकाळी उपेंद्र वकील धावतपळत आले. सोबत चिकपेटेत शिवणाचं दुकान चालवणाऱ्या सोयराबाई होत्या. खालच्या कोर्टाने त्यांना दुकान रिकामं करायला सांगितलं होतं. आजारपणामुळे त्यांचं अपील पंचेचाळिसाव्या दिवशी दाखल झालं होतं.

"कॉम्प्युटरवर मुदत तीसच दिवसांची दिसतेय," उपेंद्र म्हणाले. "उद्या अपील फेटाळणार."

"तीस कुठलं? साठ!" अण्णा उसळले. "चिठ्ठी मी या हातांनी चिकटवलीय."

"पण स्कॅनमध्ये चिठ्ठी नाहीये हो, अण्णा," पुण्याहून आलेली ग्रंथपाल सुखदा म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला. पान सपाट बसावं म्हणून घाईत, एकही न वाचता, तिनेच सगळ्या चिठ्ठ्या मागे दुमडल्या होत्या. मी तरी काय शहाणा! दुमडीची सावली मला दिसली होती, पण समोर ठेवाल ते टिपायचं, एवढंच मला येतं. फार लाज वाटली मला.

सुखदाने ओढणी कमरेला बांधली. "पुस्तक सापडेपर्यंत मी तळघरातून वर येणार नाही."

"स्वल्प हळू, अक्का, पोती फाटतील!" म्हणत अण्णा मागे धावले.

सोयराबाईही निघाल्या. "कापडाचे तागे उपसण्यात जन्म गेला माझा. पोत्यांचं काय घेऊन बसलात!"

दुपार टळल्यावर तिघं धुळीने माखून वर आली. पुस्तक मिळालं होतं! चिठ्ठी मागे दुमडलेली, पण खळ अजून घट्ट. तिच्यावर छापलं होतं: मुदत साठ दिवस.

दुसऱ्या दिवशी उपेंद्रांनी ते पुस्तकच न्यायाधीशांपुढे ठेवलं आणि अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतलं गेलं. दुकान राहील की जाईल ते पुढे ठरेल, पण सोयराबाईंचं म्हणणं आता ऐकलं जाणार.

त्याच दिवशी रद्दीवाल्याचा टेम्पो आला. सुखदाने तो रिकामाच परत पाठवला.

आता चारशे पुस्तकं पुन्हा टिपायची आहेत, प्रत्येक पान दोनदा: एकदा चिठ्ठी पानावर बसवून आणि एकदा उचलून. माझा दिवा थरथरतो, झाकण करकरतं. माझ्या जागी नवा स्कॅनर येणार म्हणे. येऊ दे! हे काम पुरं केल्याशिवाय मी काही हलत नाही. मित्रांनो, माझ्यात चित्र उतरलं म्हणून पुस्तक टाकून देऊ नका. माझं काही चुकलं, तर ते त्यालाच विचारावं लागतं.

आज एकोणिसावं पुस्तक काचेवर आहे. अण्णांनी चिठ्ठी बोटाने उचलून धरली आहे. चला सुखदाताई, दाबा बटण!