चार कॉर्डचा दावा

गाणं चोरल्याची तक्रार कुणी केली की ती आमच्या कचेरीत येते. दोन्ही गाण्यांवरची नावं झाकायची, दावेदाराच्या गाण्याला ‘क’ म्हणायचं, दुसऱ्याला ‘ख’, आणि आमच्यापैकी एकाने कान लावून बसायचं. एकवीस वर्षं मी हेच करतेय. अहवालाखाली आमची सही नसते, नुसता क्रमांक असतो. माझा सात, हे घरीही कुणाला ठाऊक नाही. नियम एकच कडक आहे: गाणं कुणाचं ते ओळखू आलं, तर कागद तिथल्या तिथे साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे.

निम्मे दावे त्याच चार कॉर्डवरून होतात. पियानोवर डावा हात एकेक पायरी खाली उतरतो, चौथीवर थबकतो आणि परत वर जाऊन तीच वाट धरतो. तीनशे वर्षांपूर्वी लोक त्यावर शोकगीतं रचत होते. मग प्रेमभंगाची गाणी आली. आता मोबाइलवरच्या खेळात राजवाडा जळाला की हेच वाजतं. आणि दर महिन्याला कुणीतरी महाशय उगवतात आणि सांगतात, हे मला सुचलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून सुचलं. कपाळ माझं. हा क्रम कुणाच्याच मालकीचा नाही, असं लिहून मी अर्ध्या पानात त्यांची बोळवण करते.

त्या मंगळवारी कानाला हेडफोन लावून ‘क’ सुरू केलं. पुन्हा त्याच चार कॉर्ड, म्हणून मी चहा मागवला. दुसऱ्या मिनिटाला मी हेडफोन कानावर दाबून धरले. वाजवणारा मध्येच, काही कारण नसताना, आवाज एकदम खाली घेत होता. आठ-दहा सेकंद तसंच, मग पुन्हा वर. असं वाजवणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझा बाप आहे.

बाबा चाळीस वर्षं एका हॉटेलच्या जेवणघरात पियानो वाजवत होते. वेटर ऑर्डर घ्यायला टेबलाशी उभा राहिला की आवाज खाली घ्यायचा, अशी मालकाची ताकीद होती. हॉटेल बंद पडून नऊ वर्षं झाली. मालक गेला, वेटर पांगले, आणि बाबांचा हात अजून लोकांना ऑर्डर देऊ देतो.

या दाव्याबद्दल मला ते एका शब्दाने बोलले नव्हते. अर्जावर नावाच्या जागी काळी पट्टी होती, खाली मजकूर होता. सलूनमध्ये दाढी करून घेताना शेजारच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चाललेल्या खेळात दावेदाराने ही चाल ऐकली. ती त्याने स्वतः तेवीस वर्षांपूर्वी बांधली होती. भरपाई नको. खेळाच्या शेवटी पडद्यावर जी नावं सरकतात, त्यात आपलं नाव यावं, एवढंच.

मी कागद साहेबांकडे नेले नाहीत. न्यायला हवे होते, मला कळत होतं. पण दुसऱ्या कुणीही हे प्रकरण जेवायच्या सुट्टीआधी उरकलं असतं, मी रोज उरकते तसंच, आणि बाबांना असं अर्ध्या पानात झटकलेलं मला बघवलं नसतं. तीन दिवस मी तेच ऐकत बसले.

आणि एक गोष्ट कबूल करते. तोपर्यंत मी बाबांचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. कानावर पडायचं, पण ऐकलं नव्हतं. लोक चमचे वाजवत जेवतायत आणि आपले वडील कोपऱ्यात बसून वाजवतायत, याची मला शाळेत लाज वाटायची. पुढे मी संगीत रीतसर शिकले आणि मग तर माझं नाक आणखीच वर गेलं. घरी ते वाजवायला बसले की मी दार लोटून घेत असे. माझ्यासारखी मुलगी कुणाला देऊ नये.

निकाल मी फिरवला नाही, तेवढी चाड मला आहे. दावा फेटाळला. पण चार पानं लिहिली.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला, तुझ्या लाइनमधला एक कागद आलाय, येऊन वाचून दाखव. सगळं सांगून टाकायचं असं मी वाटेत पक्कं केलं होतं. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणाले, पण कागदाला घड्या इतक्या पडल्या होत्या की तो त्यांनी स्वतः दहा वेळा तरी वाचला असणार. अर्ज केल्याचं त्यांनी खाली बघत सांगितलं. मग म्हणाले, हा क्रमांक सात म्हणजे कोण उंटावरचा शहाणा आहे बघ जरा, माणसाला साधं नावसुद्धा नाही.

मी माझाच अहवाल त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. पहिल्या पानावर निकाल होता. तो संपला तेव्हा बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. सांगायची वेळ हीच होती. मी घसा खाकरला.

“पुढे वाच,” ते म्हणाले. “तिसरं पान.”

मी वाचलं. “आठव्या आवर्तनात वादक तिसरी कॉर्ड सोडायला तयार नाही. लागतं त्यापेक्षा दोन मात्रा जास्त तो ती धरून ठेवतो. पुढे चौथी येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, तरी ती आली की गळा दाटून येतो. हे ‘ख’मध्ये कुठेही नाही. हे दावेदाराचं स्वतःचं आहे. ते कुणी चोरलेलं नाही, त्यामुळे त्यावर दावा चालत नाही.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

“चाळीस वर्षांत ताटातून मान वर करून कुणी बघितलं नाही,” बाबा म्हणाले. “मला वाटायचं, ती थांबायची जागा एकट्या मलाच ऐकू येते.”

त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती. माझ्या ओठावर आलं होतं, बाबा, तो सात मीच. पण ते बोलले असते तर त्यांचा तो ऐकणारा त्याच क्षणी संपला असता. उरली असती मुलगी, आणि म्हाताऱ्या बापाला मुलगी चार शब्द बरे बोलतेच, त्याचं काय मोठंसं. मी शब्द गिळले. असं जड मी आयुष्यात काही गिळलेलं नाही.

अपील करायचं का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. त्या सात नंबरच्या माणसाला पत्र लिहायचंय, हात थरथरतो, तू लिही. मी कागद पेन घेतलं.

ते सावकाश सांगू लागले. महोदय, आपला निकाल मान्य आहे. नाव येणार नाही याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आपण नीट ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. एवढं सांगून ते थांबले. मला वाटलं, झालं.

“अजून आहे,” ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. “लिही. माझी मुलगीही आपल्याच कामात आहे. हुशार आहे. पण तिने माझं एकदाही असं ऐकलं नाही.”

मी कागदावरून मान वर केली नाही.

“लिहिलंस?”

“लिहिलं, बाबा.”