पुठ्ठ्याखालचा आकडा

देवमन तायडे सरांनी शेजारच्या जिन्यातल्या बल्बला पोतं गुंडाळलं, सुतळीची गाठ दातांनी आवळली आणि खाली उतरता उतरता त्या घराच्या मालकाच्या, शेखरच्या तावडीत सापडले.

"काय करून राहिले सर? अंधारात आमची बुढी पडली म्हणजे?"

"अर्धाच घंटा, बापा. सात ते साडेसात. तुह्या बल्बापायी माहा धूमकेतू दिसून नाही राहिला."

बल्ब हे त्या आठवड्यातलं चौथं कारण होतं. आधी दिवाळीच्या फटाक्यांचा धूर झाला, मग विटांच्या भट्ट्या, मग बार्शीटाकळीच्या चौकातले नवे पांढरे दिवे. पण बल्ब झाकूनही काही फरक पडला नाही. गच्चीवरून पश्चिमेला तारे दिसले. धूमकेतू जिथे असायला हवा होता तिथे नुसतं धुरकट आभाळ. सरांनी कागदावर 'दिसला नाही' असं लिहिलं आणि पेन आपटलं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता त्यांना धूमकेतूंचं तेज मोजायचा हा नाद लागला, त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. काम ऐकायला सोपं. दुर्बिणीचा फोकस जरासा बिघडवून घ्यायचा, म्हणजे तारे धूमकेतूसारखेच पसरट दिसतात, आणि मग तो कोणत्या ताऱ्याच्या तोलाचा आहे ते सांगायचं. या तेजाला प्रत म्हणतात आणि तिची तऱ्हा उलटी: आकडा लहान तितकं तेज जास्त. नकाशावर त्या दिवशीच्या जागेचा ठिपका द्यायचा की झालं.

मात्र सरांचा एक कडक नियम होता. कालचा आकडा ठाऊक असला की आजचा डोळा आपोआप त्याच्याकडे झुकतो, असं त्यांचं मत. म्हणून आकडा सांगायचा त्यांनी आणि लिहायचा त्यांच्या बायकोने, इंदूबाईंनी. आधीचे आकडे पुठ्ठ्याखाली झाकायचे. धूमकेतू निघून जाईपर्यंत वही सरांच्या हाती द्यायची नाही, मग ते कितीही चिडोत. रोज पानाचा फोटो काढून अमरावतीच्या निरीक्षक मंडळात गीतांजली मॅडमना पाठवायचा, तोही इंदूबाईंनीच. मंडळाच्या ग्रुपवर इतरांचे आकडे दिसतील म्हणून सर तेवढे दिवस तो ग्रुप उघडतही नसत.

गेले नऊ दिवस इंदूबाई लेकीच्या, दीपमालाच्या बाळंतपणाला अमरावतीला होत्या. सर स्वतःच पाहत होते आणि सुट्या कागदावर स्वतःच लिहीत होते. सहा पॉइंट चार, सहा पॉइंट सहा, मग दोनदा 'दिसला नाही'. सूर्याजवळ चाललेला धूमकेतू उजळायचा सोडून विझत होता. तो तुटत असणार! सरांनी गीतांजली मॅडमना तसं दोन पानी पत्र पाठवलं आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"सर, राग मानू नका. हे नऊ दिवस आपल्याला आलेखात घेता येणार नाहीत."

"काहून?"

"बाकी सगळ्यांचे आकडे पावणेपाचच्या आसपास आहेत. धूमकेतू तुटलेला नाही सर. आणि तुमचेच आधीचे आकडे एकूण एक रेषेवर बसलेत. आपल्या मंडळात तुमच्याइतकं अचूक कुणीच नाही. म्हणूनच मला नवल वाटतंय."

सरांनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत त्यांचा एक आकडा कुणी परत केला नव्हता. शाळेत साहेबाची बोलणी खाल्ली, बढती हुकली, त्याचं त्यांना कधी इतकं लागलं नव्हतं. आपण खरे आहोत हे दाखवायचा एकच रस्ता होता: वही काढायची, सगळा आलेख स्वतः मांडायचा आणि मॅडमच्या पुढ्यात टाकायचा.

दुपारी इंदूबाई अकोल्याच्या एसटीतून उतरून घरी आल्या. पिशवी अजून हातातच होती.

"वही कुठी हाय?"

"आधी नात कशी हाय ते तं इचारा."

"कशी हाय?"

"चांगली हाय. तुमच्यावानीच रडते." त्या हसल्या, पण सरांचा चेहरा पाहून थांबल्या. "वही कायले पाह्यजे? धूमकेतू जायचा हाय अजून."

"नियम माहाच हाय. मीच मोडतो."

"गेल्यावर पाहा ना. दहा-पंधरा दिवस तं राहिले."

"इंदू, वही."

त्यांनी कपाटातून वही काढून दिली आणि चहा ठेवायला म्हणून आत गेल्या. चहा करायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

सरांनी वही खिडकीशी नेली. पाच पॉइंट नऊ, पाच पॉइंट सात, तीन ऑक्टोबरला पाच पॉइंट सहा. तीन ऑक्टोबर त्यांना पक्का आठवत होता. अकोल्याच्या धम्म मेळाव्याहून दोघं दमून परतले होते, रस्त्यावर गाड्यांची धूळ होती आणि गच्चीवर जाऊन त्यांनी दोनच शब्द सांगितले होते. त्यांनी पानं उलटली. सांगितल्याचं आठवत होतं ते आकडे कुठेच नव्हते. अख्ख्या वहीत एकही 'दिसला नाही' नव्हतं.

इंदूबाई कप घेऊन आल्या.

"तीन तारखेले मी काय सांगतलं होतं?"

"दिसला नाही म्हणले होते."

"मंग हे कोणं लिवलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमी खाली उतरले का मी बी पाह्यते. रोजच पाह्यते. मले दिसून राहिला होता. दिसत असताना नाही कसं लिहू?"

"कवापासून?"

"मागच्या सालच्या धूमकेतूपासून. डोळे दाखवा, डोळे दाखवा म्हणून कितीदा म्हटलं, तं तुमी दिव्यायले शिव्या देत बसले."

सरांनी वही पलंगावर फेकली. "लबाडी हाय ही! माह्या नावावर, एकतीस वर्षांच्या नावावर लबाडी!"

"आकडा लबाड नाही," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "नाव तेवढं लबाड हाय."

त्या आत निघून गेल्या. सर बसून राहिले. राग तर होताच, पण त्याहून जास्त शरम वाटत होती, आणि ती नेमकी कशाची हे त्यांना ठरवता येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. मग पुन्हा डावा झाकला. तारखा वाचता येत होत्या, पण त्यांच्यावर कुणी पीठ चाळल्यासारखं दिसत होतं. चहावर साय धरली.

संध्याकाळी त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून गीतांजली मॅडमना लिहायला घेतलं. तीनदा लिहून तीनदा पुसलं. शेवटी गेला तो निरोप असा होता: 'नऊ दिवस काढून टाका, ते माझे आहेत. मागच्या सालापासूनचे बाकी सगळे ठेवा. ते इंदूबाई तायडे यांचे आहेत.'

मग ते शेखरच्या जिन्यात गेले, बल्बावरचं पोतं सोडलं आणि घडी घालून काखेत घेतलं.

सात वाजता इंदूबाई सवयीने पेन घेऊन गच्चीवर आल्या, तर त्यांच्या स्टुलावर सर बसलेले. दुर्बीण कठड्यावर ठेवलेली होती.

"पेन दे इकडं," सर म्हणाले.

त्यांनी पेन दिलं. क्षणभर घुटमळून दुर्बीण उचलली, पश्चिमेकडे वळल्या, आणि मग काही आठवल्यासारखं करून सरांच्या मांडीवरच्या वहीकडे वाकून पाहू लागल्या.

सरांनी झटकन आधीच्या आकड्यांवर पुठ्ठा ठेवला.

"मागचं पाहाचं नाही," ते म्हणाले. "सांग."