आंबट माती

त्या रविवारी दार्दोने मांस भाजायला अंगणातली चूल पेटवली, धूर शेजारच्या एल्बियाकाकूंच्या दोरीवरच्या चादरींवर गेला आणि भिंतीपलीकडून शिव्या आल्या. माँतेविदेओच्या सायागो भागातल्या त्या अंगणात रविवार असाच सुरू व्हायचा.

रोसीना बस बदलून पोचली, तेव्हा तिचा बाबा दार्दो चुलीकडे पाठ करून एका कुंडीसमोर उकिडवा बसला होता. कुंडीत गांजाचं झाड होतं, त्याच्या आयुष्यातलं पहिलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून त्याची बोटं सांध्यांत सुजली होती. एल्बियाकाकूंनी आपल्या झाडाचं मलम करून चोळायला दिलं आणि पुष्कळ दिवसांनी त्याच्या हातात चिमटा ठरला. इथे नाव नोंदवून घरी गांजा लावायला कायद्याची परवानगी आहे. मग त्याने रीतसर पोस्टात जाऊन नाव नोंदवलं आणि त्यांच्याकडूनच रोप आणलं.

"मास्तरीणबाई, बघ जरा. पानं पिवळी पडतायत. खत तर पोटभर घातलंय."

रोसीना शाळेत साहित्य शिकवायची, पण वाचायची वाटेल ते. तिने मातीत बोट खुपसलं. वरच्या थराखाली हिरवट, ओला गाळ लागला, माटे नावाच्या कडवट चहाच्या भिजलेल्या पानांचा.

"बाबा, यात माटेचा चोथा टाकतोस तू?"

"मग? मी पितो, ती काय बघत बसेल?"

"आंबट ढेकर देतेय ती. माती आंबट झाली की खत असूनही मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेलं, पण तोंड शिवलेलं."

"हे कुठल्या कादंबरीत आहे?"

ती हसली नाही. सॅलडसाठी आणलेला जांभळा कोबी तिने चिरला, उकळला. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात कुंडीची माती ढवळून फडक्यातून गाळली आणि त्यात कोबीचं पाणी ओतलं. जांभळ्याचं गुलाबी झालं.

"गुलाबी म्हणजे आंबट. जांभळं राहिलं तर ठीक. निळं-हिरवं झालं तर दुसऱ्या टोकाला गेलं. मातीचा सामू सहा आणि सातच्या मध्ये हवा, तिथे तिला सगळं पचतं."

दार्दोने पेला उन्हात धरला. "घड्याळासारखंच की गं. पुढे गेलं तरी चूक, मागे पडलं तरी चूक."

"चोथा बंद कर. आणि चूल निवली की राख घाल, पण एकच चमचा. दोन आठवड्यांनी पुन्हा कोबी उकळायचा. एकदम ढीग ओतलास तर मुळं जळतील."

"जशी आज्ञा."

जेवण झाल्यावर माटे सुरू झालं. तो तुंब्यात थर्मासचं पाणी घालायचा, तिच्यापुढे करायचा, ती नळीने ओढून परत द्यायची. पुन्हा तो, पुन्हा ती. या देशात माटे पिताना 'आभार' हा शब्द एकदाच म्हणतात, शेवटी. सभेत आभार मानले की लोक उठतात ना, तसंच. म्हटलं की पुरे झालं, आता मला नको. रोसीना सात वर्षांची असताना शाळेत नुकतंच शिकलेलं सौजन्य दाखवायला तिने पहिल्याच तुंब्याला 'आभार, बाबा' म्हटलं होतं. दार्दोने तुंबा काढून घेतला आणि तिला वगळून पुढच्याला दिला. सगळे हसले. तिने रडून घर डोक्यावर घेतलं, शेवटी त्यालाच तिला कडेवर घ्यावं लागलं. तेव्हापासून तिने बाबाला तो शब्द कधी म्हटला नाही, माटेला नाही आणि कशालाच नाही. आई घर सोडून गेल्यावर तो तिच्या वेण्या घालायला शिकला, त्यालाही नाही. रात्र रात्र घड्याळांवर वाकून त्याने तिला शिकवलं, त्यालाही नाही.

बसची वेळ झाली तशी ती उठली. थर्मासमध्ये पाणी होतं.

"अजून एक होईल, पोरी."

"पुढच्या रविवारी. बस जाईल माझी."

"म्हणजे डाव अर्धाच राहिला."

"राहू दे अर्धा," ती म्हणाली आणि गेली.

मंगळवारी दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. रोसीनाला या वाक्याचा राग आला, पण तिने मान हलवली.

नंतर माणसं येत राहिली. घड्याळांची जुनी गिऱ्हाइकं, चुलतभाऊ, गल्लीतले सगळे. प्रत्येकाच्या काखेत थर्मास, हातात तुंबा. अंगणात बसून दार्दोच्या आठवणी काढायचे, हसायचे, डोळे पुसायचे. रोसीना तिथेच राहून खुर्च्या मांडत होती. चुलीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. एका चुलतभावाने झाडू उचलला तेव्हा "ते राहू द्या" असं ती इतक्या हळू म्हणाली, की त्याने झाडू जागेवर ठेवला.

कारण तिने पाहिलं होतं. चुलीत राखेचा सपाट, पांढरा थर होता आणि त्यात एकाच जागी चमच्याएवढा खळगा. बाबाने ऐकलं होतं. सोमवारी सकाळी राख निवल्यावर त्याने चमचा घेतला होता, एकच. तो खळगा ती रोज बघायची. वारा सुटला की चुलीवर पत्रा ठेवायची.

माणसांची ये-जा थांबली तेव्हा झाड पुन्हा पिवळं पडलेलं होतं. शेंड्याची नवी पानं हिरवी निघाली होती, तीही आता फिकी. रोसीना समोर बसून राहिली. त्याच्यावाचून ते झुरतंय, असं तिच्या मनात आलं.

"झुरत-बिरत नाही हं ते," भिंतीवरून एल्बियाकाकू म्हणाल्या. तिला वाटलं होतं तितकं ते मनात राहिलं नव्हतं. "बोट घालून बघ."

तिने बोट घातलं. कुंडी चोथ्याने गच्च भरली होती.

"कोणी टाकला एवढा?"

"सगळ्यांनी! मी पण. तुंबा रिकामा करायचा तर माणूस जवळची कुंडीच बघतो की. आणि तुझा बाप नेहमी म्हणायचा, इकडे टाका, तिला आवडतं."

रोसीनाला हसू आलं. तिने चोथा हाताने उपसला. कोबी उकळला. पाणी पुन्हा गुलाबी झालं, मागच्यापेक्षा गडद.

"राख लागेल," काकू म्हणाल्या. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज उतरला. "मी दुकानातून चुन्याची पूड आणते. चालेल ती. तू त्या राखेला हात लावू नकोस."

"तुमच्याकडे नाही का राख?"

"माझी गॅसची शेगडी, बाई. धूर तुझ्या बापाचा, चादरी माझ्या." त्यांनी दोरीकडे पाहिलं. "परवा धुतल्या मी चादरी. दिवसभर वाळत घातल्या. एकीलाही वास नाही."

काकू आत गेल्या. रोसीनाने पत्रा बाजूला केला. खळगा तसाच होता, कडा थोड्या ढासळलेल्या. वारा आज ना उद्या नेणारच होता. बाबाने राख राखून ठेवली नसती, चमचा मागितला असता.

तिने चमचा त्याच खळग्यात घातला आणि भरून घेतला. खळगा मोठा झाला, तो आता कुणा एकाचा राहिला नाही. राख तिने बुंध्यापासून लांब, कडेकडेने पसरली, मातीत मिसळली आणि पाणी घातलं. झाड जगेल की नाही हे लगेच कळणार नव्हतं.

मग तिने बाबाचा तुंबा घेतला, पाणी तापवलं आणि त्याच्या खुर्चीत न बसता आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. एक भरला, प्याली. दुसरा भरला आणि सवयीने समोर केला. खुर्ची रिकामी होती. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग तोही तीच प्याली. थर्मास रिकामा होईपर्यंत ती पीत राहिली. चव जाऊन नुसतं पाणी येऊ लागलं तरी.

शेवटी नळी कोरडी वाजली. ती उठली, चोथा कचऱ्याच्या डब्यात टाकला, तुंबा धुतला आणि खुर्चीच्या हातावर उपडा ठेवला. पलीकडे काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्या जागीच थांबल्या.

"आभार, बाबा," रोसीना मोठ्याने म्हणाली.