कौतुकापुढचा आकडा

माझ्या पणजेसासूबाई इस्पितळात रुग्णांना पाणी पाजत, आजेसासूबाई रुग्ण बायकांच्या वेण्या घालत, सासूबाई रुग्णांना घास भरवत. त्यांच्यामागे इस्पितळातले बिनपगारी सेविका मंडळ माझ्या हाती आले आणि मी त्याला शिस्त लावली.

माझी नात मानसशास्त्र शिकते. माणसे बिनपगारी सेवेला का येतात, हे मोजण्याचा तिचा अभ्यास होता. प्रत्येक कारणापुढे एक ते सात यांतला आकडा लिहायचा, नाव घालायचे नाही. मंडळात कागद वाटून ती कॉलेजला गेली. बायका पेन चावत बसलेल्या मला पाहवेनात. मी खुर्चीवरून उत्तरे सांगितली, "कर्तव्य, सात. विरंगुळा, एक. कौतुक व्हावे, एक."

माझ्या नणंदेने कौतुकापुढे सात लिहिले होते.

"वन्सं, हे काय भलतेच? खोडा."

त्यांनी मुकाट्याने खोडले.

संध्याकाळी नातीने गठ्ठा चाळला. "आजी, सगळ्यांची उत्तरं एकच?"

"शिस्तीतल्या बायका आहेत."

"अगं, मी मनं मोजायला गेले आणि तू शुद्धलेखन घातलंस!" ती हसली, पण ते हसू टिकले नाही. "हे सगळं आता केराच्या टोपलीत. पुन्हा विचारलं तरी तुझ्या धाकानं खरं कोण लिहिणार? माझं वर्ष गेलं."

त्या रात्री तिच्यासमोर मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी ती तरीही नवे कागद घेऊन मंडळात आली, तेव्हा मी सर्वांपुढे उभी राहिले. "काल मी तुम्हांला खोटे लिहायला लावले. कौतुकापुढे माझा आकडा सात. घरी माझ्या शब्दाला आता कोणी विचारत नाही. इथे मी आले की तुम्ही उठून उभ्या राहता, म्हणून मी येते."

माझे कान तापले. मागून कोणीतरी म्हणाले, "मी तर सासूपासून सुटायला येते, बाई!" खोली हसली.

मला हसू आले नाही. "वन्सं, घास न गिळणारे, अंगावर थुंकणारे रुग्ण वर्षानुवर्षे तुम्ही घेतलेत. शाबासकी मात्र मंडळाच्या नावाने मीच घेतली. तुमचे ते देणे माझ्याकडे थकले आहे."

"वहिनी, पुरे. लाजवू नका."

"लाजण्याची पाळी माझी आहे. तुम्ही ऐका."

मग मला आठवत होता तो एकेक रुग्ण मी सर्वांदेखत सांगितला, वन्संनी त्याच्यासाठी काय केले तेही सांगितले. शेवटचा सांगून झाला, तेव्हा मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतले, म्हणजे बायकांना लिहिता येईल.