साहेबाने न खाल्लेलं मांस

पेलाजीच्या सुनेला जुळं झालं आणि त्यातलं एक बारशाआधीच गेलं, त्या वर्षीची ही गोष्ट. सास्काचेवान नदीवरचा कातड्यांच्या व्यापाराचा तो लाकडी कोट तेव्हा भरभराटीला होता. म्हणजे घाणीलाही. बीव्हर या नदीतल्या केसाळ प्राण्याच्या ओल्या कातड्यांचा दर्प, कुंपणाशी कुजणारी हाडं आणि त्यावरून कुत्र्यांची भांडणं.

हिवाळा सरताना नदीवरचं बर्फ फुटलं आणि पाणी कोठाराच्या तळघरात शिरलं. गव्याचं वाळवलेलं मांस हिरवं पडलं. कोटाचा मुख्य टुलॉक बायकांना म्हणाला, "धुवा, शेकोटीवर वाळवा, कुटा आणि वर दुप्पट चरबी ओता. बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना होईल. भरलेल्या पिशव्या पेलाजीच शिवेल."

पेलाजीने नाक दाबून पिशव्या शिवल्या. कुत्र्यांचंच तर आहे! तिची शिवण दिसली की नावाडी पिशवी उघडूनसुद्धा बघत नसत, हे टुलॉकला ठाऊक होतं. शिवायला तिलाच का सांगितलं, हे तिच्या मात्र ध्यानात आलं नाही.

कातडी घेऊन नावा निघायच्या सकाळी ती लेकाला, आम्ब्रोजला, निरोप द्यायला घाटावर गेली, तर त्याच पिशव्या नावाड्यांचा शिधा म्हणून त्याच्या नावेत चढत होत्या. ती तशीच गुडघाभर पाण्यात उतरली.

"आई, सर बाजूला. ऊन वर आलंय."

"आधी हुंग."

"तू शिवलेलं हुंगायचं? बायकोला कळलं तर घरात घेणार नाही मला!"

पेलाजीने सुरी काढली आणि पिशवी उभी फाडली. भपकारा आला. पांढऱ्या चरबीत पांढरे किडे वळवळत होते, म्हणून आधी दिसलेच नाहीत. आम्ब्रोज काठावर वाकून ओकला.

टुलॉक धावत आला. "अगं, चरबीला वास येतोच. पिठात उकळलं की कळतसुद्धा नाही."

"मग खा ना, साहेब." तिने मूठभर काढून त्याच्या तोंडासमोर धरलं. "घ्या. माझ्या हातचं आहे."

टुलॉकने नाकाला रुमाल लावला.

"लाजताय काय?" म्हातारा सुकाणूवाला सिप्रियन म्हणाला. "सासुरवाडीला आलात होय?"

सगळे हसले आणि पिशव्या खाली उतरवायला लागले. टुलॉकने मुकाट्याने चांगल्या मांसाचं कोठार उघडून दिलं.

"आणि हे नदीत टाका," पेलाजी त्याला म्हणाली.

"टाकतो, टाकतो."

नावा वळणाआड गेल्या. पेलाजीने वाळू घेऊन हात घासले, पुन्हा घासले. वास जाईना. पण पोरगा वाचला, या समाधानात ती घरी गेली. टुलॉक पिशव्या टाकतो की नाही, हे बघायला ती थांबली नाही.

त्याने टाकल्या नाहीत. कोटाच्या मागच्या दाराशी तिथल्याच क्री जमातीच्या शिकाऱ्यांचा तळ पडला होता, हिवाळाभर उपाशी. त्यात पेलाजीचे मामा-मामीही होते. टुलॉकने वरचा थर खरवडला, ताजी चरबी ओतली आणि त्यांच्याकडची शेवटची बीव्हरची कातडी घेऊन त्या पिशव्या त्यांच्या गळ्यात मारल्या. वर म्हणाला, "दयाच केली मी."

जून लागायच्या आत पेलाजीची मामी सिकवान हगवणीने मेली. तिच्या पाठोपाठ तिचा नातू मेला. टुलॉक पुढे कितीतरी वर्षांनी, म्हातारपणी, स्कॉटलंडात आपल्या घरी झोपेत मेला.