बॅटरी उतरू लागली की

घरोघरी भिंतीवर बॅटऱ्या बसवणं हे माझं काम. दिवसभर उन्हावर चार्ज झाल्या की वीज गेली तरी घर चालतं. फक्त आधी एक यादी भरावी लागते: बॅटरी उतरू लागली की काय आधी बंद करायचं आणि काय शेवटपर्यंत चालू ठेवायचं.

मालक सोफ्यावर ऐसपैस बसून सांगत होता. "फ्रीज, टीव्ही, एसी शेवटपर्यंत चालू. माशांची टाकी विसरू नका, बायको माझा जीव घेईल."

मागे खुर्चीत त्याच्या आई बसल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी.

"आणि आईंचं मशीन?"

"ते टाका ना 'इतर'मध्ये."

'इतर' सगळ्यात आधी बंद होतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

"अहो, कळलं!" तो खेकसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मशीन 'इतर'मध्येच टाकलं. मग बॅटरी उतरत आल्याची चाचणी घेतली. टीव्ही चालू, टाकीत बुडबुडे. आईंचं मशीन तेवढं बंद पडून केकाटू लागलं.

"झकास!" तो म्हणाला. "फक्त हा भोंगा बंद करता येईल का?"

मी तोंड उघडायच्या आत आईंनीच हात लांबवून तो बंद केला.

"होईल हो सवय," त्या मला म्हणाल्या.